खाचरातलं पाणी

जीवनदादा,

आईचा कॅन्सर हाडात उतरलाय. आज नाशिकला सिस्टरनं तिला विचारलं, "मावशी, सतत दुखतं की मधूनच कळ येते?"

आई म्हणाली, "आमच्या घोटीला भाताच्या खाचरात पाणी कायमच असतं, तसं दुखणं हाय. मधीच बांध फुटतो, तवा जीव जातो."

सिस्टरनं रोजची गोळी बदलली आणि बांध फुटेल तेव्हासाठी वेगळं औषध दिलं. मग विचारलं, "हे पाणी कधीपासून आहे?"

"जीवनच्या लग्नाआधीपासनं. त्याला कळवू नका."

म्हणून हे पत्र माझ्याजवळच राहील. पण तिचं ते उत्तर ऐकल्यापासून मी तिच्याकडे बघतेच आहे. तुझ्या हळदीला आम्ही पोरी दमून बसलो, तरी ती एकटी नाचत होती, दादा. त्या पाण्यात उभी राहून.

तुझी,
हर्षाली