ठिपका घरातनं हलणार नाय

धनेश,

आजपासून तुला अहो-जाहो नाय. जेवण केलेलं नाय. चौकात ढाबे हायत, भुकेनं मरणार नायस.

माझा फोन फ्रीजवर चार्जिंगला लावलाय. बॅटरी दुपारीच कशी संपते, म्हणून तू माझ्यावर संशय घ्यायचास ना? आज सकाळी दुकानात दाखवून आले. बॅटरी चांगली हाय. मी कुठं जाते ते नकाशावर ठिपक्यानं दाखवणारं ॲप तू टाकलंस, तेच दिवसभर ती खातंय.

परवा त्यामुळंच फोन बंद पडला आणि माहेरून, लोधिवलीहून, स्वराजदादाचा फोन मला लागला नाय. मग त्यानं तुला केला. तू घरी आलास, फोन का बंद ठेवलास म्हणून आधी माझ्या मुस्काटात मारलीस, आणि मग सांगितलंस, तुझे अप्पा गेले. मी पोचले तवर सरण पेटलं होतं.

ॲप काढलं नाय मी. स्क्रीनचा उजेड कमी केलाय, बाकीचं सगळं बंद केलंय, आता बॅटरी टिकेल. रात्रभर चार्जिंगला ठेवू नको, उशीखाली तर नकोच, तापून फुगते. भरली की काढायची, उतरली की लावायची. माझ्यासाठी एवढं कधी केलं नायस, फोनसाठी कर.

मग तुझ्या टेंपोत बसून खुशाल बघ. ठिपका घरातनं हलणार नाय. लग्न झाल्यापासून तू बायको म्हणून त्यालाच बघत आलास. आता त्याच्याशीच नांद.

हर्षला