भेंडीपुरता खोकला

ती. जाऊबाईंच्या सेवेशी,

धाकटीचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे मनातून. कंबर अर्ध्यावरच थांबते, हे तुम्हांला ठाऊक आहे.) तुमच्या गुडघ्याचं कसं काय? भाऊजी अजून रेडिओ शेजाऱ्यांना ऐकू जाईल असाच लावतात का? आणि गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायला कोणी मिळालं की तुम्हीच जिना चढता? चढू नका. आम्ही इकडे सगळे सुखरूप. तुमचं काळजीचं पत्र पोचलं, औषधाची पुडीही पोचली. माझ्या खोकल्याची बातमी आमच्या चिरंजीवांनी तुम्हांला फोनवर चांगली तिखटमीठ लावून दिलेली दिसते. खोकला आहे, खोटं कशाला बोलू? पण तो कसा लागला हे सांगायचं तर मला भेंडीपासून सुरुवात करावी लागेल, तेव्हा चष्मा लावून नीट टेकून बसा.

इथे लेकाकडे राहायला आल्यापासून मला एकच काम आहे, ते म्हणजे आराम. सकाळी उठले की सूनबाई म्हणते, आई, तुम्ही आराम करा. चहाचा कप विसळायला घेतला की हातातून काढून घेते आणि पुन्हा तेच. सून गुणाची आहे. कॉलेजात शिकवते, आवाज कधी चढवत नाही, आणि तीच तर पंचाईत आहे, तिच्याशी भांडायचं म्हटलं तर धरायला काही सापडत नाही. (तुमच्या हाताखाली नांदताना कसं, तो एक विषय तरी रोजचा होता. राग मानू नका.) दुपारभर खुर्चीत बसून मी समोरच्या इमारतीतलं वाळत घातलेलं धुणं बघते. कोणाचा कुठला सदरा हे मला आता पाठ झालंय. अशात सूनबाई कॉलेजच्या जिन्यावरून घसरली आणि तिचा पाय मुरगळला. लेक कामासाठी बाहेरगावी. मला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण भाजीची पिशवी खुंटीवरून निघून माझ्या हातात आली तेव्हा जे वाटलं, त्याला वाईट म्हणता येणार नाही. लेकाने फोनवर बजावलं, आई, जमलं तर बघ, काही गडबड झाली तर सगळं घरपोच मागवू. घरपोच म्हणे! जाऊबाई, मी तुमच्या हाताखाली बाजार शिकले, आणि माझ्या दारात कोणीतरी परका त्याने निवडलेले टोमॅटो ठेवून जाणार? मी तिथल्या तिथे ठरवलं, आकाश कोसळलं तरी ही पिशवी परत त्या खुंटीवर चढू द्यायची नाही.

दुकान कॉलेजच्या रस्त्यावरच आहे, पुस्तकांचं दुकान आणि सायकलींचा स्टँड यांच्या मधे. खताशिवाय, फवाऱ्याशिवाय पिकवलेलं सगळं तिथे मिळतं. आत शिरले आणि मला वाटलं, चुकून सराफाकडे आले. मंद दिवे, मंद गाणी, आणि प्रत्येक वांग्यावर वेगळा उजेड. पालेभाजीवर वरच्या नळीतून मधूनच पाण्याचे तुषार उडतात. (माझ्या डोक्यावरही उडाले, कारण मी मेथी हुंगायला वाकले होते आणि मघाशी सांगितलं तशी तिथेच अडकले होते.) बटाट्यांची माती मुद्दाम धुतलेली नसते आणि तीही त्यांच्याबरोबर वजनात धरतात. कोबीच्या पानाला भोक दिसलं म्हणून मी तिथल्या बाईला दाखवलं, तर ती कौतुकाने म्हणाली की हीच तर खरेपणाची खूण, अळीलाही आमची भाजी आवडते. आपण जन्मभर अळ्या वेचून फेकल्या, जाऊबाई, प्रमाणपत्रं फेकत होतो. शिवाय प्रत्येक टोपलीवर ती भाजी पिकवणाऱ्याचा फोटो लावलेला. गाजरवाला तर इतका मोकळा हसत होता की त्याच्या तोंडावर गाजरं नाकारायचा मला संकोच झाला, घेतली बापडी. पुढे काचेच्या नळकांड्यांत डाळी होत्या. खटका दाबला की डाळ येते आणि सोडला की थांबते, असं लिहिलं होतं. माझ्या बाबतीत ती थांबली नाही, पण तो विषय सोडा, केरसुणी त्यांचीच होती.

आणि मग भेंडी. काळ्या कापडावर ओळीने निजवलेली, एकीलाही डाग नाही. आता भेंडी घ्यायची म्हणजे शेंडा मोडून बघायचा, हे आपल्याला कोणी सांगायला लागतं का? लग्न होऊन आल्यावरच्या पहिल्या बाजारात तुम्हीच शिकवलंत, कट्‌कन मोडली तर कोवळी, वाकली तर जून, माणसांचंही तसंच असतं. (भाऊजी पिशव्या धरून मागेच उभे होते, आठवतंय ना?) मी एक मोडली. कट्. कोवळी, ती पिशवीत. दुसरी वाकली, ती परत कापडावर. असं माझं छान चाललं होतं, पण त्या दुकानात शांतता फार. कोपऱ्यात कॉफी घेऊन वह्या-पुस्तकं पसरून बसलेली कॉलेजची पोरं माना वर करून बघायला लागली. शेजारी एक उंच, पांढऱ्या केसांची बाई येऊन उभी राहिली आणि तिने हळूच विचारलं की हे कशासाठी. मी समजावलं. तिने एक मोडून पाहिली, तिला मजा वाटली, आणि मग आम्ही दोघींनी मिळून ती ओळ शेवटपर्यंत नेली. (तुम्हांला वाटेल की ही बाई शेवटी सूनबाईच्या कॉलेजची प्राचार्य निघाली. गोष्टींत निघते. ही कोण ते मला अजून माहीत नाही.)

एवढ्यात अंबाडा आला. अंबाडा म्हणजे तिथला व्यवस्थापक. तरणाबांड गडी, दाढी, कमरेला एप्रन, आणि डोक्यावर माझ्यापेक्षा जाड अंबाडा. (माझा आता लिंबाएवढा उरलाय, म्हणून लक्ष गेलं.) तिथे रागावतसुद्धा कुजबुजून. तो हात जोडून म्हणाला, "आजी, आम्ही सगळ्यांना विनंती करतो की भाजीला इजा न करता निवडा."

म्हटलं, "बाळा, घरी नेऊन मी हिला चिरणारच आहे."

यावर त्याने डोळे मिटून एक मोठा श्वास घेतला. मग म्हणाला की शेंडे गेलेली भेंडी आता दुसरं कोणी घेणार नाही, तेव्हा सगळी मलाच न्यावी लागेल. मी शेजारी पाहिलं तर उंच बाई चीजच्या कपाटाकडे पसार झालेली. सगळी म्हणजे सगळी घेतली, जूनसुद्धा. त्याने माझं नावही विचारलं, कारण नेहमीच्या ग्राहकांना ते नावाने हाक मारतात म्हणे. (नावाचं पुढे येईल.) आता एवढा माल उचलल्यावर वर मूठभर कोथिंबीर मागायचा आपला हक्क आहे की नाही? मी मागितली. त्याला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा आत जाऊन कोणाशी तरी बोलून आला, आणि एक काडी दिली. एक का होईना, जाऊबाई, त्या दुकानात फुकट मिळालेली ती पहिली काडी असणार. मी ताठ मानेने बाहेर पडले.

घरी सूनबाई स्टुलावर पाय ठेवून पेपर तपासत बसली होती. तिने पिशवीत डोकावून विचारलं की एवढी भेंडी का. मी म्हटलं, स्वस्त लागली. त्या दुकानात आजवर काही स्वस्त लागलेलं नाही हे तिला माहीत होतं आणि मला ते बोलल्यावर आठवलं. तिने एक भेंडी उचलली, मग दुसरी, दोन्हींचे नसलेले शेंडे बघितले आणि ठेवून दिल्या. त्यानंतर आम्ही भेंडी परतून खाल्ली, भरून खाल्ली, तळून खाल्ली, दह्यात घालून खाल्ली. माझी जून भेंडी तिने निमूट चावून चावून संपवली आणि पाणी प्यायली. पोरीने एकदा तरी ओरडावं असं मला फार वाटत होतं.

पाय बरा झाला तशी पिशवी घेऊन ती स्वतःच दुकानात गेली. मी खुर्चीत बसून समोरचे सदरे बघत होते, पण त्या दिवशी एकही नीट दिसला नाही. मनात म्हटलं, संपलं, आता घरपोच. ती आली, चपला काढल्या, आणि सहज सांगावं तसं म्हणाली की भेंडीवर पाटी लागली आहे, शेंडे मोडू नयेत म्हणून. मी म्हटलं, असतात बाई एकेक अडाणी बायका. ती माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

"आई, पाटी वाचली, इकडेतिकडे बघितलं, आणि मीही एक मोडली."

"मग?"

"वाकली. जून होती. नाही आणली."

इतकी माया मला तिची याआधी कधी आली नव्हती, तुमच्यापाशी सांगायला लाज कसली? मग तिने पिशवी माझ्या खांद्याला अडकवली आणि म्हणाली, "उद्यापासून तुम्हीच जा. फक्त मोडताना खोकत जा, म्हणजे आवाज झाकला जातो."

तर असा हा खोकला आहे. तो मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, कारण ताजा माल त्या दिवशी येतो. वाटतं तितकं सोपं नाही हो ते. खोकला आधी आला तर आवाज उघडा पडतो आणि नंतर आला तर उपयोग नाही. सूनबाई शिकवणारी बाई, ती घरी माझा सराव घेते. ती पेन्सिलीने टेबलावर टक्‌ करते, मी खोकते, आणि चुकलं की पुन्हा. नेमका हा सराव गावाहून परतलेल्या चिरंजीवांनी दाराबाहेरून ऐकला आणि तुम्हांला फोन लावला.

बाकी ठीक. भाऊजींना नमस्कार, त्यांच्या रेडिओलाही. तुमच्या औषधाची पुडी जपून ठेवली आहे.

तुमच्याच हाताखाली तयार झालेली,
धाकटी

ता. क. खरं काम आता लिहिते. लेक मला छातीच्या डॉक्टरकडे नेतो म्हणतो, आणि तोवर बाहेर पडायचं नाही, भाजी घरपोच मागवू, हे त्याचं पुन्हा सुरू झालंय. सूनबाईला मधे बोलता येत नाही, तिचाही हात त्यात आहे. तुमचा शब्द तो खाली पडू देत नाही. तेव्हा पत्र मिळताच त्याला फोन करा आणि सांगा की हा खोकला आपल्या घरात जुनाच आहे, बसल्याने वाढतो, चालल्याने उतरतो, आणि भाजी आणायला चालल्याने तर फारच लवकर उतरतो.

ता. ता. क. आमच्या खोकल्याची साथ पसरली आहे. मागच्या शुक्रवारी मी भेंडीपाशी खोकले तर पलीकडून कोणीतरी खोकलं, आणि बघते तर उंच बाई. काल तर तिघीचौघी खोकत होत्या. अंबाड्याने आता भेंडीशेजारी खोकल्याच्या गोळ्या विकायला ठेवल्या आहेत. त्याही बिनखताच्याच, आणि भेंडीपेक्षा महाग.

ता. ता. ता. क. तुम्ही आमच्याकडे राहायला येणार हे ऐकून आनंद झाला. एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी अंबाड्याने नाव विचारलं तेव्हा घाबरून माझ्या तोंडून तुमचं नाव गेलं. तेव्हा याल तेव्हा दुकानात आपलं नाव सांगू नका, माझं सांगा. आणि सवयीने तुमचंच निघालं, आणि तिथलं कोणी तुमच्याकडे रोखून बघायला लागलं, तर दचकू नका. नुसतं खोकून दाखवा.