कोल्हिणीची जागा

४ मार्च

आलं! मासिक आलं! अगदी वरच्या पानावर आमच्या नातीनं काढलेली कोल्हीण, पोटाशी लोळणारी पिल्लं. आत नातीचं नाव. चष्मा पुसून पुसून पाहिलं. बँकेतली नोकरी सोडून जनावरांचे फोटो काढायला निघाली तेव्हा सगळे म्हणाले, पोरगी वाया गेली. आता बोला म्हणावं!

५ मार्च

एक मात्र कळेना. एवढा मोठा फोटो, आणि कुठं काढला ते छापलंच नाही! नातीला फोन लावला. म्हणाली, "आजी, जागा कळली की गर्दी होते. मग कोल्हीण बीळ सोडते, पिल्लं जगत नाहीत." फोटोसाठी जनावराला खायला टाकायचं नाही, आवाज काढून बोलवायचं नाही. गवताची काडी आडवी आली तरी उपटत नाही म्हणे ही! माझ्या लग्नात फोटोवाल्यानं माझी हनुवटी धरून मान वळवली होती, अजून आठवतं.

बरं, मला तरी सांग, म्हटलं. आढेवेढे घेतले. मी फुगले. तेव्हा म्हणाली, "दगडखाणीच्या मागे. पण कुणाजवळ बोलू नकोस हं."

छे! मी कशाला बोलतेय?

८ मार्च

दाताच्या डॉक्टरांकडे नवी कवळी बसवली. घट्ट आहे. सून गाडी आणायला गेली म्हणून बाकावर बसले, तर समोर टेबलावर तेच मासिक! शेजारी एक गृहस्थ. म्हटलं, माझ्या नातीनं काढलाय. "काय सांगता आजी! तुमची नात?" मग काय, मी सुटलेच. तिचं लहानपण, बँक, माझा गुडघा, सुनेचा गुडघा... "कुठं काढला असेल हो?" किती आदबीनं विचारलं त्यानं! बोलून गेले.

घरी आल्यावर आठवलं, कुणाजवळ बोलू नकोस म्हणाली होती!

९ मार्च

नाही सांगणार तो कुणाला. सभ्य वाटत होता.

१२ मार्च

सुनेनं मोबाइलवर दाखवलं — खाणीपाशी गाड्याच गाड्या! गळ्यात कॅमेरे. कुणी मटणाचे तुकडे फेकतंय, कुणी पिल्लांचं रडणं मोबाइलवर वाजवतंय. कोल्हिणीनं बाहेर यावं म्हणून! सून म्हणाली, "कुठल्या मेल्यानं सांगितलं असेल?" मी ताटातला भात चिवडत राहिले. "आई, जेवा ना, थंड होतंय."

नात दूर जंगलात, फोन लागत नाही. ती बिचारी कोल्हीण एकेक पिल्लू तोंडात धरून कुठं नेत असेल? मी तीनदा घर बदललं, पण टेम्पो तरी होता.

१४ मार्च

नात आली. दारातच सगळं सांगून टाकलं, रडले. आणि ती हसायला लागली! "अगं आजी, खाणीत काय आहे? दगड! कोल्हीण तिकडे कधी नव्हतीच."

पिल्लं सुखरूप! मी टाळीच वाजवली. मग डोक्यात शिरलं — म्हणजे मला थाप मारली? काडी न हलवणारी ही पोरगी, आणि सख्ख्या आजीला थाप? "तुझ्या पोटात काही राहतं का?" म्हणाली. बरोबर आहे. बरोबर कसलं! तिला जवळ घेतलं, पाठीत एक धपाटाही घातला.

१५ मार्च

सकाळी नात कानाशी लागली. "आजी, खरी जागा सांगू?"

मी दोन्ही कान गच्च दाबून धरले.