आप्पांना विचारायचं नव्हतं

न्हावरे, मंगळवार, संध्याकाळ

मी दौंडहून माहेरी आलेय. दादानं आप्पांसाठी पुण्याहून बोलावलेल्या बाई आज परत आल्या. मरणाऱ्या माणसाजवळ बसणं हेच त्यांचं काम. आप्पांच्या छातीवर वीतभर अंतर ठेवून हात धरतात, ऊर्जा देतात म्हणे. हात लावायचाही नाही, मग देतात काय? हसूच आलं मला.

पण भेटायला येणारा जो तो आप्पांच्या तोंडाशी वाकून "ओळखलं का?" विचारतो, ते त्यांनी बंद केलं. म्हणाल्या, "जाणाऱ्याची परीक्षा घेऊ नका. आपणच नाव सांगा." हे मात्र पटलं.

त्या गेल्यावर मी एकटीच होते. काय वाटलं कुणास ठाऊक, मीही तसेच वीतभर वर हात धरले. आप्पांनी डोळे उघडले. माझ्या तोंडून निघालंच, "आप्पा, ओळखलं का?"

"व्हय. पुण्याच्या बाई ना तुम्ही? माझी लेक कवा यायची दौंडवरनं?"

तुम्ही म्हणाले. मला. नाव सांगायचं, तेवढंच तर करायचं होतं. आणि मी म्हणाले, "निघालीय."

वीतभरच अंतर होतं. हात का नाही टेकवला मी?

आत आप्पा दाराकडं बघत पडलेत, लेक यायची म्हणून. आणि मी इथं ओट्यावर.