वळून न बघणारा जावई

दि. ९ जानेवारी

आदरणीय विहीणबाईंस,
स.न.वि.वि.

पत्र पाहून दचकू नका. इकडे सगळे खुशाल आहेत; निदान दिसतात तरी. फोनच केला असता, पण आमच्याकडे जिन्यात बोललेलं वर ऐकू जातं आणि वर बोललेलं जिन्यात. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्या भिंतींचे कान म्हणजे मीच, पण पोरंही काही बहिरी नाहीत. तेव्हा हे तुमच्या-माझ्यातच राहू द्या.

तुमचे चिरंजीव आणि माझी लेक यांचा नवा नाद तुम्हाला ठाऊक आहेच. आधी तळ्यात पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, सायकल टाकली की धावत सुटायचं, आणि हे सगळं एकाच दिवसात, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. तेवढ्या अंतरावर टायरचा माल पोचवायला मी गाडीनं जातो, तरी वाटेत दोनदा चहा लागतो. बक्षीस काय, तर पुरं केल्याचं एक पदक. मी म्हटलं, असो, दारू-पत्त्यांपेक्षा बरं.

पण परवा जिन्यात बसून बूट घालत होतो, तर वरून, पोरांच्या मजल्यावरून, जावईबापूंचा आवाज आला. म्हणत होते, तू रस्त्याच्या कडेला बसलेली दिसलीस तरी मी थांबणार नाही, वळून बघणारही नाही, हे पक्कं धरून चाल. त्यावर लेक काय बोलली ते नळ सुरू झाल्यामुळे निसटलं. एक बूट पायात आणि एक हातात, असा मी किती वेळ बसलो कोण जाणे. आमच्या हिला सांगितलं, तर ती म्हणाली, उद्यापासून बूट अंगणात घाला.

मी रस्त्याच्या कडेला पंक्चर काढत मोठा झालेला माणूस. पाण्यात बुडबुडा दिसायच्या आधी मला ट्यूबमधली शिट्टी ऐकू यायची. म्हणून विचारतो, रागावू नका. चिरंजीव लहानपणी रागीट होते का? मनात धरून ठेवायचे का? माणूस सोन्यासारखा आहे, पण सोनंही कसाला लावून घेतात, आणि आम्ही जरा घाईत घेतलं.

लोभ आहे म्हणूनच विचारलं. विचारलं म्हणून तो उणा होऊ नये.

आपला व्याही


दि. १७ जानेवारी

श्री. व्याही यांस,
सा.न.वि.वि.

शिवणवर्ग सुटल्यावर तुमचं पत्र वाचलं. आधी राग आला, मग हसू आलं, मग पुन्हा राग आला. तो अजून गेलेला नाही. माझा मुलगा म्हणजे घाईत घेतलेलं सोनं, मग तुमची लेक काय, छाप मारलेली? तो लहानपणी मुंग्यांच्या रांगेला वळसा घालून जायचा. रुसायचा, पण ताट वाढेपर्यंतच.

आता माझं ऐका. मागच्या महिन्यात दोघं येऊन गेली. मुलाची गालफडं बसली आहेत. लग्नातला कोट मीच शिवला होता, तो आता त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखा दिसतो. दुसऱ्यांदा भात घ्यायला हात पुढे केला, तर सूनबाईंनी नुसतं बघितलं. हात गुपचूप मागे गेला. असा धाक सगळ्या संसारात मला नवऱ्याला घालता आला नाही. आणि तळ्यात एकदा ह्याच्या पायात गोळा आला, हा तरंगत्या खुणेला लटकून राहिला, आणि तुमची कन्या शेजारून पोहत पुढे निघून गेली! हे त्यानं मला हसत सांगितलं. मला काही हसू आलं नाही. तेव्हा वळून न बघण्याची विद्या कोणी कोणाला शिकवली, ते आधी तपासा.

आणखी एक. परवा तो फोन ठेवत होता, तेवढ्यात मागून सूनबाई बोलल्या की शर्यतीचा दिवस आईंना आणि बाबांना सांगू नकोस, नाहीतर सगळं मुसळ केरात. आईबापांपासून लपवण्यासारखं आहे तरी काय? पाणी कुठंतरी मुरतंय, आणि ते तळ्यातलं नाही. कान तुमचे तिखट आहेतच, आता डोळेही उघडे ठेवा. तो दिवस शोधून काढा. पण लक्ष दोघांवर असू द्या, नुसतं लेकीवर नको.

राग आहे, पण तो लोभाच्या खालच्याच पायरीवर आहे, हे ध्यानात असावं.

आपली विहीण


दि. ३ फेब्रुवारी

आदरणीय विहीणबाईंस,
स.न.वि.वि.

बसून वाचा.

काल तळमजल्यावर गाडीतून सामान काढायला गेलो होतो. खांबापलीकडे ही दोघं होती. मी खोकणार होतो, पण खोकलो नाही. जावईबापूंनी लेकीच्या सायकलचं चाक हातात घेतलं, बोटानं दाबून त्यातली सगळी हवा सोडून दिली, चाक तिच्यापुढे ठेवलं आणि हात मागे बांधून भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. लेक फरशीवर बसली. टायर काही कडेवरून सुटेना. बोटं काळी झाली, नख तुटलं, डोळ्यांत पाणी आलं. आणि हे गृहस्थ भिंत बघतायत! कसंबसं चाक बसलं, हवा भरली, तर ह्यांनी ते घेतलं आणि पुन्हा हवा सोडली.

विहीणबाई, तीन दुकानं झाली माझी टायरची, पण पोरीला मी एकातही कधी खाली बसू दिलं नाही. तिनं शिकावं, खुर्चीवर बसावं, काळे हात फक्त माझे असावेत, एवढ्यासाठी सगळा खटाटोप केला. आणि जावई तिला फरशीवर बसवून तिची परीक्षा घेतो. मी पुढे झालो असतो, पण आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दिवस मात्र कळला. रुग्णवाहिकेचे टायर बदलायला आलेला ड्रायव्हर गप्पांच्या ओघात बोलून गेला की पंचवीस तारखेला त्याची गाडी तळ्याजवळच्या शर्यतीला लावली आहे. मी नुसतं हं म्हटलं आणि त्याला अजून एक चहा सांगितला. दुसऱ्या कपाबरोबर सगळा रस्ताही मिळाला. त्या दिवशी मी तिथं असणार. वळून बघतात की नाही, ते मी बघतो.

आपल्या आशीर्वादाची आज जरा जास्त गरज आहे.

आपला व्याही


दि. ११ फेब्रुवारी

श्री. व्याही यांस,
सा.न.वि.वि.

हवा सोडल्याचं वाचून माझा पाय मशीनवर तसाच थांबला. पोटचा असला म्हणून काय झालं, हे काही बरं लक्षण नाही. मी फोनवर आडून विचारलं, घरात काही धुसफूस आहे का. तर म्हणाला, आई, आमचं कधी नव्हे इतकं छान चाललंय. इतकं छान कोणाचंही चालत नसतं. माझा संशय दुप्पट झाला.

तुम्ही जा. माझा गुडघा साथ देत नाही, नाहीतर शेजारी उभी राहिले असते. पण लांबून बघा, आणि तो पडला तर त्यालाही उचला. सगळं खरंखरं कळवा. लेकीच्या बाजूचं चार ओळी जास्त लिहाल हे मी धरून चालले आहे.

माया दोघांवर सारखी असू द्यावी, ही विनंती.

आपली विहीण


दि. २ मार्च

आदरणीय विहीणबाईंस,
स.न.वि.वि.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते मी करून बसलो आहे. तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी मीच सांगतो.

चढ संपतो तिथं गाडी लावून, टोपी डोळ्यांवर ओढून मी कडेला उभा होतो. लेक पोहण्यात पुढे निघाली असावी, कारण सायकलवर ती आधी दिसली. माझ्यासमोरून गेली आणि थोड्याच अंतरावर फट्ट आवाज झाला. मागच्या चाकातली हवा गेली. ती उतरली, चाक काढलं, खाली बसली. तेवढ्यात मागून जावईबापू आले. तिनं हात वर केला. तो हात मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. आणि ते मान खाली घालून, पायडल मारत, सरळ निघून गेले. वळणापर्यंत मी बघत राहिलो. नाहीच बघितलं त्यांनी.

मग माझ्या पायांनी मला विचारलं नाही. ती बाबा नको, बाबा लांब हो, असं ओरडत होती. आयुष्यभर दुसऱ्यांचं कुजबुजणं ऐकणाऱ्या माझ्या कानांना पोरीचं ओरडणं ऐकू आलं नाही. तिनं टायर एका बाजूनं सोडवलं होतं, नवी ट्यूब मांडीवर होती. मी चाक तिच्या हातातून घेतलं आणि बघता बघता बसवून दिलं. मान वर केली तर मोटरसायकलवरचे पंच उभे. त्यांनी फार अदबीनं विचारलं, आपण कोण. मी छाती काढून सांगितलं, मी हिचा बाप. त्यांनी तिचा नंबर टिपून घेतला. स्पर्धकांनी एकमेकांना मदत केली तर चालते म्हणे, पण बाहेरच्याचा हात लागला की स्पर्धक बाद.

बाहेरचा म्हणजे मी.

ती रडली नाही. एवढंच म्हणाली, बाबा, मला येत होतं. माझ्या गाडीत बसली नाही, सायकल हातात धरून चालत गेली. संध्याकाळी तुमच्या मुलानं शर्यत पुरी केली. लेक शेवटच्या रेषेजवळच्या दोरीपाशी उभी होती. तिनं सांगितल्यावर ते पदक गळ्यात असताना मटकन रस्त्यावर बसले. मला वाटलं, आता शिव्या देतील. त्यांनी उठून मला नमस्कार केला. त्यानं जास्त लागलं.

दुसऱ्याच दिवशी दोघं तुमच्याकडे निघाली. वरचा मजला गप्प आहे. मी चुकलो हे कबूल, पण तो वर केलेला हात आणि ती सोडलेली हवा माझ्या डोक्यातून जात नाही. तिथं काय बोलतात ते कळवाल का?

आपली नाराजी असली तरी ती पत्रानंच कळवावी, अबोल्यानं नको.

आपला व्याही


दि. १० मार्च

श्री. व्याही यांस,
सा.न.वि.वि.

नाराज कोणत्या तोंडानं होऊ? तुम्हाला तिथं पाठवणारी मीच. आपण दोघंही उंटावरचे शहाणे.

सूनबाई काल माझ्याजवळ काजं करत बसल्या होत्या. मी सरळ विचारलं, त्यांनीही सरळ सांगितलं. गेल्या वर्षी एका लहान शर्यतीत त्यांचं चाक असंच पंक्चर झालं होतं. हा थांबला, चाक हातातून घेतलं, स्वतः बसवलं. त्या गडबडीत ठरलेली वेळ निघून गेली आणि दोघांनाही पुढे जाऊ दिलं नाही. शर्यत हुकल्याचं त्यांना फारसं वाटलं नाही. म्हणाल्या, आई, टायरवाल्याच्या घरात जन्मले, पण चाक कधी माझ्या हातात राहिलं नाही. आधी बाबा घ्यायचे, मग हा घ्यायला लागला. तेव्हा त्यांनीच माझ्या मुलाकडून शपथ घेतली, की काही झालं तरी थांबायचं नाही. तुम्ही जिन्यात ऐकलंत ती ही शपथ. नळ सुरू झाला नसता, तर पुढचं वाक्य ऐकलं असतंत, की शाब्बास, आता विसरू नकोस.

हवासुद्धा त्याच सोडायला लावायच्या. आणि हा भिंतीकडे तोंड का करायचा, माहीत आहे? बघितलं की ह्याचाही हात पुढे जातो म्हणून. वर केलेला हात थांब म्हणत नव्हता, व्याही, जा म्हणत होता. तळ्यात गोळा आला तेव्हा माझ्या मुलानंही असाच हात वर करून त्यांना जा म्हटलं होतं. दिवस लपवला तोही आपल्यासारख्यांपासूनच.

दोघांनी पुन्हा नाव घातलं आहे. दिवस मला सांगितला आहे. तुम्हाला सांगायचा नाही, असं वचन घेतलं आहे. माझ्याकडून काढून घ्यायचा प्रयत्न करू नका. मी चहावर बोलणाऱ्यांपैकी नाही.

वाईट वाटून घेऊ नये. वाटलंच तर थोडंच वाटून घ्यावं.

आपली विहीण


दि. ८ मे

आदरणीय विहीणबाईंस,
स.न.वि.वि.

उत्तराला उशीर झाला. खोटं कशाला बोलू, मधले दिवस मी शोध घेण्यात घालवले. ड्रायव्हरला तीन कप पाजले, तो यावेळी काही बोलेना. त्यालाही कोणीतरी तंबी दिलेली दिसते. तुमच्यावरही संशय आला, हेही सांगून टाकतो.

काल दुपारी लेक दुकानात आली. तुमच्याकडून परतल्यापासून ती माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलते. समोर एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरचं चाक काढून ठेवलेलं होतं. तिनं मला काही विचारलं नाही. स्टूल ओढलं आणि बसली. मी गल्ल्यामागे. तिनं ट्यूब घासली नीट, पण ठिगळ घाईनं लावलं. सोल्यूशन वाळलं नव्हतं, मला तिथूनच दिसत होतं. जीभ दातांखाली धरली. हवा भरली, तर सूं करून गेली. गिऱ्हाईक माझ्याकडे बघायला लागलं, मी छताकडे. तिनं पुन्हा घासलं, पुन्हा लावलं, पुन्हा गेलं. गिऱ्हाईक म्हणालं, शेठ, तुम्ही बघा ना जरा. मी त्याला म्हटलं, ज्यांच्या हातात चाक आहे त्यांना सांगा. विहीणबाई, तीन दुकानं उभी करताना मला एवढे कष्ट पडले नाहीत.

तिसऱ्यांदा तिनं सोल्यूशनवर फुंकर घातली आणि वाट बघत बसली. ठिगळ बसलं. धरलं. तिनं हात धुतले, माझ्यासमोर आली आणि दिवस सांगितला. अट एकच, रस्त्यावर कुठंही दिसायचं नाही. शेवटच्या रेषेपाशी, दोरीच्या बाहेर, तुमच्या शेजारी उभं राहायचं.

तेव्हा गुडघ्याचं काय ते बघा आणि याच. मी गाडी पाठवतो. येताना शिवणवर्गातल्या कापडाच्या दोन पिशव्या आणा, चांगल्या जड. तिथं पोचल्यावर एक माझ्या उजव्या हातात द्या, एक डाव्या. ती दोघं रेष ओलांडेपर्यंत मी कितीही गयावया केली तरी परत घेऊ नका.

एक शंका तेवढी राहिली. मला एकवीस तारीख सांगितली आहे. तुम्हालाही एकवीसच सांगितली आहे ना? उलट टपाली कळवावं. लोभाची खात्री आहे, तारखेची नाही.

आपला व्याही