टाकीचं पाणी आणि ह्यांचा शेवटचा रोल

४ मार्च
गेल्या वर्षीची एक सकाळ आठवली. हंडा चिंचेने घासला, भरला, ओटा पुसला, ह्यांचा डबा बांधला आणि बाथरूमचं दार वाजवलं. आतून ओरडले — "उजेड नको! फिल्म उघडी आहे!" मी टॉवेल घेऊन बाहेर ताटकळत. इतकी साधी सकाळ. तेव्हाही मी चिडले होते. आज आत कोणी नाही, तरी चीड आहेच.

कॅमेऱ्यात ह्यांचा शेवटचा रोल आहे. गेल्या जूनमधला, काविळीच्या आधीचा. हे जाऊन आठ महिने झाले, रोल तसाच. स्टुडिओवाला म्हणतो, ब्लॅक अँड व्हाइट आता इथे कोण धुतं, मुंबईला पाठवा. हरवला तर? मीच धुणार. ह्यांची फिल्म धुण्याची वही तीनदा वाचली. आधी दुसऱ्या रोलवर हात बसवते.

७ मार्च
रोल वाया! टाकीचं पाणी पिवळट, म्हणून पिण्याच्या पाण्यात फिरवते तशी तुरटी फिरवली. नितळ झालं. त्यात डेव्हलपरची पावडर घातली, तर पांढरा साका! फिल्मला चिकटला तो निघेना. वहीच्या शेवटच्या पानावर ह्यांनी लिहिलंय — तुरटीचं पाणी चालत नाही. शेवटच्या पानावर! पुढे लिहायला काय झालं होतं?

८ मार्च
सुयोगभाऊजी जिन्यात भेटले. सोसायटीचे सेक्रेटरी, ह्यांचे मित्र. खांदा दिला होता ह्यांना. म्हटलं, आपल्या पाण्यात काय येतं ते फिल्मवर दिसतं, दाखवू? हसले.
"वहिनी, टाकीला कधी काही झालंच नाही. प्रमोद बाहेरचं खायचा, त्यानेच कावीळ झाली. आणि फोटो मोबाईलवर काढा ना!"
बाहेरचं! जन्मभर माझा डबा खाल्ला त्या माणसाने. अंगाची लाही झाली.

१० मार्च
तुरटी न घालता, नुसतं गाळून पाहिलं. रेतीचे ओरखडे, पांढरे डाग. दुसराही रोल गेला. नळाला शिव्या घातल्या — मोठ्याने.

१३ मार्च
उल्हासनगर, कॅम्प एक. बॅटरीच्या दुकानात डिस्टिल्ड वॉटर मिळतं.
शेठ म्हणाला, "भाभी, इन्व्हर्टर कौनसा है?"
"इन्व्हर्टर नाही. फोटो धुवायचेत."
"अरे साईं! धोने से फोटो गोरा होगा क्या?"
"गोरा नको. काळं काय ते दिसू दे."
शेठ खूप हसला. बऱ्याच दिवसांनी मीही. पाच-पाच लिटरचे दोन कॅन बदलापूरपर्यंत मांडीवर.

१६ मार्च
खिडकीला घोंगडी. बर्फात भांडं ठेवून पाणी वीस डिग्रीवर आणलं. ह्यांचा रोल धुतला. एकही डाग नाही!

दोरीवर टांगून बघत गेले. बेलवलीचं चिंचेचं झाड. मी, पापड वाळत घालताना — कधी काढला कोण जाणे. मग आपली खालची टाकी, झाकण काढलेलं. शेजारचा गटाराचा पाइप फुटलेला, पाणी सरळ टाकीत. आणि वाकून आत बॅटरी मारणारा माणूस. निगेटिव्हमध्ये केस पांढरे, तोंड काळं. तरी ओळखला. तेच पोट, खिशाला तीच तीन पेनं. सुयोगभाऊजी.

कधी काही झालंच नाही!

आणि हे? ह्यांना माहीत होतं! त्याच आठवड्यात म्हणाले होते, पाणी उकळत जा. मी म्हटलं, गॅस फुकट येतो का? का ते हे बोलले नाहीत. मित्राची अब्रू झाकली असेल. मीही विचारलं नाही. तेच पाणी रोज पेल्यात भरून ह्यांच्या हातात दिलं.

१८ मार्च
काल पोलीस ठाण्यात लेखी तक्रार दिली. सुयोगभाऊजींचं नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट. खाली, मी पाणी उकळलं नव्हतं, तेही लिहिलं.