गच्चीवर कुरडयांची तपासणी

सौ. मालिनी हिस,

पंचवटीहून तुझ्या वन्संचे आशीर्वाद.

पत्र लिहायची वेळ आली ती एवढ्याचसाठी, की तू फोन स्पीकरवर लावतेस. मागच्या खेपेस मी तुला खासगी म्हणून जे सांगत होते, त्याला तुझ्या भावाने मधूनच "बरोबर आहे ताईंचं" असे उत्तर दिले, आणि तुझ्या भावजयीने कुकरच्या शिट्टीच्या वर आवाज काढून काय झाले ते पुन्हा सांगायला लावले. मला सभेत बोलायची सवय राहिलेली नाही. म्हणून कागद. हा एकटीने वाच.

तुझा गुडघा कसा आहे? येवल्याला माहेरी गेल्यापासून जिने नाहीत म्हणजे बरा असावा. मी ठीक आहे. उजवा खांदा धरला आहे, त्यामुळे वरच्या फळीवरचे डबे काढणे बंद. तिथे काय ठेवले आहे ते आता आठवत नाही आणि त्यावाचून अडतही नाही. इकडे ऊन वाढले. सकाळी नऊपर्यंत हवा बरी असते, नंतर गच्चीवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. तुमच्याकडे याहून कडक असणार. दुपारी बाहेर पडू नकोस.

आता मुद्दा. तुझा नवरा, म्हणजे माझा धाकटा भाऊ वेणीमाधव, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन माझ्या दारात उभा राहिला. "चार दिवस राहतो," म्हणाला. आता तिसरा आठवडा चालू आहे. तू घर सोडून गेलीस तेव्हा कारण ऐकून मीच तुला म्हणाले होते, की एवढ्यावरून कोणी जाते का, नुकता रिटायर झालेला माणूस आहे, जरा धीराने घे. ते शब्द मी परत घेते. ज्याने जन्मभर अंबडच्या कारखान्यात लोखंडी दांड्यांची जाडी तपासली, त्याला घरात मोकळा सोडल्यावर काय होते हे मला ठाऊक नव्हते. ओट्याच्या भिंतीवर लाटण्याची, उलथन्याची आणि झाऱ्याची बाह्याकृती मार्करने काढून प्रत्येकाची जागा ठरवून देणे एक वेळ समजले. पण पोळ्यांसाठी पोलादी कडे करून आणायचे, ताटातली पोळी त्यातून पाडून बघायची आणि न पडलेली बाजूला ठेवायची, हे मी ऐकले तेव्हा मला वाटले तू वाढवून सांगतेस. तू वाढवून सांगत नव्हतीस. ते कडे त्याने इथेही आणले आहे.

मी एकटी राहते ती हौसेने. तेहतीस वर्षे विमा कार्यालयात लोकांचे ऐकून घेतले, आता सकाळी कोणी बोलू नये एवढीच अपेक्षा. तुझा नवरा पहाटे उठतो, दूध घेऊन येणाऱ्याला दारात थांबवून माप धरायला सांगतो (दूधवाला आता आमच्या मजल्यावर चपला हातात घेऊन येतो), नंतर मला विचारतो की चहात साखर 'साधारण' घालतेस म्हणजे किती. मी पहिले काही दिवस उत्तर दिले. नंतर चहाच बिनसाखरेचा करू लागले.

असे असूनही मी तुला लिहिले नसते. पण परवाचा दिवस झाला.

परवा आमच्याकडे कुरडया होत्या. आमच्या इमारतीत वाळवणासाठी गच्ची पाळीने मिळते, आणि पाळी चुकली तर पुढच्या चैत्रापर्यंत बाजारच्या कुरडया खाव्या लागतात, म्हणून खांदा असो नसो, मी गहू भिजवले होते. तीन दिवस पाणी बदलले, चीक काढला, रात्रभर बसवला. मदतीला अंबूबाई आल्या. त्या तिसऱ्या मजल्यावरच्या. निफाडकडे द्राक्षाची बाग, इमारतीत दोन फ्लॅट, आणि त्यांचा पितळी सोऱ्या हा आमच्या जिन्यातला सर्वात मानाचा दागिना. शिवाय खालची वेदिका. ती घरून कॉम्प्युटरवर नोकरी करते आणि गळ्यात हेडफोन अडकवून आली होती, मीटिंग चालू होती म्हणे, फक्त तिचे बोलणे बंद ठेवले होते. वेणूला मी एकच काम दिले होते: चिकाचे पातेले गच्चीवर नेऊन ठेव आणि खाली ये. त्याने पातेले नेऊन ठेवले. खाली आला नाही.

सुरुवात चांगली झाली होती. चीक छान हाटला गेला, गाठ नाही, वाफ नीट बसली. अंबूबाई सोऱ्या दाबत होत्या आणि त्यांच्या हाताखालून कुरडया अशा उतरत होत्या की बघत राहावे. वेदिका आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सोऱ्यातून कुरडई पाडत होती. तिच्या कुरडया पातळ आणि गरीब दिसत होत्या, पण हौस दांडगी. मी कागद धरायला. एका बाजूने मी उठून पाणी प्यायले, तेवढ्यात वेणू दुसऱ्या बाजूने उकिडवा बसला. खिशातून ते व्हर्नियर काढले (जाडी मोजायचे पोलादी साधन, निरोप समारंभात मिळाले, देव्हाऱ्यात ठेवले असते तर बरे झाले असते) आणि कुरडया मोजू लागला. मी लक्ष दिले नाही. मला वाटले, मोजेल आणि दमेल.

त्याने मोजून तीन ओळी केल्या. पहिली ओळ पास. दुसरी ओळ सुधारण्यासारखी. तिसरी ओळ नापास. इथपर्यंतही चालले असते, मालिनी. पण त्यांच्या कारखान्यात म्हणे नापास माल चुकून चांगल्यात मिसळू नये म्हणून तो मोडून टाकायची पद्धत आहे. तुझ्या नवऱ्याने तिसऱ्या ओळीतल्या ओल्या कुरडया उचलल्या आणि त्यांचा मुठीत दाबून गोळा केला. तिसरी ओळ सबंध अंबूबाईंची होती. पहिली वेदिकाची.

अंबूबाईंनी मान वर केली.

"ओ साहेब," त्या म्हणाल्या, "माझ्या सासूनं बी कधी माझी कुरडई मोडली नाय. तुम्ही काय करून राहिले?"

"बाई, मधोमध जाड आहे," वेणू म्हणाला. "हे बघा ना. कडेला आणि मध्ये फरक पडतोय. चूक तुमची नाही, हात एकसारखा फिरत नाही एवढंच."

"तळल्यावर फुलती का नाय ते बघायचं असतं."

"तो शेवटचा टप्पा झाला. आपण आधीच्याच टप्प्यावर पकडली."

वेदिका म्हणाली, "काका, प्लीज, माझ्या नापास करा, त्यांच्या पास करा," आणि मग तोंडावर हात ठेवला, कारण तिचे बोलणे बंद नव्हते. हे तिच्या मीटिंगमधल्या सगळ्यांनी ऐकले. ती हेडफोन सावरत जिन्याकडे पळाली. (तिला नंतर वरिष्ठांनी विचारले म्हणे, कोण काका आणि काय नापास झाले.)

अंबूबाई हात धुऊन उठल्या. सोऱ्या पदराने पुसला. मला वाटले आता आवाज चढेल, इमारत गोळा होईल. पण त्यांनी अगदी हळू, शेजारधर्माने विचारावे तसे विचारले, "वैनी कुठं हायेत तुमच्या?"

"माहेरी," वेणू म्हणाला.

"मंग बराबर हाय," अंबूबाई म्हणाल्या, आणि सोऱ्या घेऊन खाली गेल्या.

मालिनी, त्याला मी लहानपणापासून ओरडत आले. आईने मारले, वडिलांनी कोंडले, मुकादमाने हाकलले असेल, कशाने त्याच्या चेहऱ्यावर काही उमटल्याचे मला आठवत नाही. परवा उमटले. तो मुठीतल्या गोळ्याकडे बघत बसला. मी त्याची समजूत काढली नाही. एक तर मला येत नाही, दुसरे म्हणजे अर्धे पातेले चीक गरम होता आणि गार झाला की तो सोऱ्यातून उतरत नाही. मी त्याला म्हटले, "बसलास काय? माझा खांदा चालत नाही. ऊठ आणि पाड."

त्याने आयुष्यात पहिल्यांदा कुरडई पाडली. पहिलीला आकार नव्हता. दुसरीला होता, पण तो कुरडईचा नव्हता. तिसरी अर्ध्यात तुटली आणि त्याच्या पायावर पडली. (चीक किती गरम असतो तेही त्याला तेव्हाच कळले.) पुढे पुढे गोल म्हणता येईल असे काही कागदावर दिसू लागले. एकदा त्याचा हात खिशाकडे गेला. मी बघते आहे हे त्याने बघितले आणि हात परत सोऱ्यावर ठेवला. शेवटचा चीक आवळून आला, तेव्हा त्याने दोन्ही हातांनी, दात आवळून दाबला. नंतर बसला आणि म्हणाला, "ताई, मालिनी हे दर वर्षी करते?"

मी म्हटले, "तुझ्या घरात कुरडया काय भिंतीतून येत होत्या?"

दुपारभर तो कबुतरे हाकायला गच्चीवर छत्री घेऊन बसला. जेवायला बोलावले तर ताट वर मागवले. चार वाजता मी बघायला गेले तेव्हा टाकीच्या सावलीत बसून आपल्या कुरडयांकडे बघत होता. खरे सांगते, दिसायला अत्यंत वाईट आहेत.

रात्री मी भांडी आवरत होते तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. विचारतो, "तिला गव्हाचा चीक आवडतो का गं? गरम, तूप घालून?" छत्तीस वर्षे संसार केला आणि बायकोला काय आवडते ते मला विचारतो! मी म्हटले, आवडतो, आणि कुरडयांच्या दिवशी तो सगळ्यांना वाढून झाला की तिच्या वाट्याला पातेल्याच्या तळाची खरवड येते, हे मी तुझ्याच घरी डोळ्यांनी बघितले आहे. मी थोडा कच्चा चीक फ्रीजमध्ये ठेवलाच होता. काल सकाळी त्याने त्यातला निम्मा माझ्यासमोर हाटून बघितला. बोराएवढ्या गाठी झाल्या. मी खाल्ला. वाया का घालवायचा?

तर त्याला आज पाठवते आहे. ठेवून घे. तुझ्या माहेरी जागा आहे, तुझा भाऊ शांत आहे, आणि माझ्या घरात आता दूध देणाराही यायला तयार नाही. मी थकले. या वयात मला माणूस वळण लावायला देऊ नये. माझी वळण लावायची वर्षे ऑफिसात संपली. तू त्याला नेऊन आपल्या घरी बसव, मार्करच्या आकृत्या घासून काढायला लाव, पुढचे पुढे बघ. एवढे माझ्यासाठी कर.

तुझ्या भावाला आणि भावजयीला नमस्कार सांग. काय लिहिले आहे ते सांगू नकोस.

तुझी,
वन्सं

ता.क. पत्र बंद करून दिले आहे. त्याने विचारले, आत काय आहे. मी म्हटले, कुरडया वाळवायच्या सूचना. तू वाचताना तो समोर असेल तर मधूनमधून आकाशाकडे बघ.

ता.क. अंबूबाईंकडे तो काल स्वतः गेला होता. माफी मागितली नाही, त्याला ती मागता येत नाही. त्यांच्या दारात उभा राहून म्हणाला, "सोऱ्या दाबायला फार जोर लागतो." अंबूबाईंनी चहा दिला. साखर भरपूर होती, तो प्यायला.

ता.क. हे शेवटचे आणि खरे. वर 'ठेवून घे' म्हणून लिहिले ते माझ्या सोयीचे लिहिले. ते मनावर घेऊ नकोस. तो तुझ्या दारात उभा राहून "येवल्याला जरा काम होतं" असे म्हणेल. काम काही नाही. परत चल असे तो म्हणणार नाही, पण चीक मी हाटतो असे म्हणेल. हाटू दे. गाठी झाल्या तर होऊ दे, हातातून काढून घेऊ नकोस, आणि पहिली वाटी तू घे. तेवढ्यावर तुला जावेसे वाटले तर जा. नाही वाटले, किंवा त्याने खिशातून काही बाहेर काढले, तर संध्याकाळच्या एसटीत बसवून दे. मी कुरकुर करीन, पण कडी आतून लावणार नाही. भाऊ माझा आहे. तुझ्यावर त्याची सक्ती नाही.

वेणीमाधवच्या हाती दिले: परातीत कागदावर कुरडया, त्याच्या हातच्या, न मोजलेल्या, अजून एक ऊन हवे. काचेच्या बरणीत कच्चा चीक, ओल्या फडक्यात गुंडाळून. आजच शिजवावा, नाहीतर आंबेल. हिंगाची पुडी. साजूक तूप, एक लहान डबी. आणि तो स्वतः, धुतलेल्या शर्टात, बसच्या वेळेआधी तासभर स्टँडवर निघालेला.

यातली परात आणि बरणी तेवढी परत पाठव.